खांबापुढचा नारळ

खो-खोच्या खांबाला हळदकुंकू लावायचं आणि त्याच्या बुडाशी नारळ फोडायचा, ही प्रथा आमच्या शाळेत मीच सुरू केली. पाथर्डी तालुक्यातल्या एका सरकारी शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे. सामन्याआधी उदबत्ती लागायची, मुली हात जोडून उभ्या राहायच्या आणि नारळ कॅप्टननं फोडायचा. एका घावात फुटला की पोरींच्या अंगात वारं भरायचं. मला कुणी काही विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही. देव सगळ्यांचा, असं माझं ठाम मत होतं. ते आजही आहे.

मागच्या वर्षी दहावीतली एक मुसलमान मुलगी कॅप्टन झाली. तिचे वडील तिसगावच्या बाजारात भाजीचा टेम्पो घेऊन येतात. ती तीन वर्षं संघात होती आणि नारळाच्या वेळी नेमकी मागच्या ओळीत उभी असायची. तिला कॅप्टन केलं ते तिच्या पायांमुळे आणि डोक्यामुळे. मी कुणावर उपकार करणाऱ्यातली नाही.

तालुक्याच्या स्पर्धेतले आमच्या गटाचे दोन्ही सामने एकाच दिवशी, आमच्याच मैदानावर होते. सकाळी मी विचार केला, या पोरीला उगाच अवघडल्यासारखं व्हायला नको. म्हणून नारळ दुसऱ्या मुलीच्या हातात दिला. आपण किती समजूतदार, म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

सामना सुरू झाला आणि माझी कॅप्टन हरवली. खो उशिरा देत होती, समोरून पळणारी मुलगी तिला दिसत नव्हती. मध्यंतरात मी तिच्यावर खेकसले, "लक्ष कुठंय तुझं?"

तिनं खाली बघतच उत्तर दिलं. "मॅडम, नारळ कॅप्टन फोडतो. आज तुमी तिला दिला. मंग मी कोन? तिलाच कॅप्टन करा, मी बसते."

"अगं, तुझ्या घरचे काय म्हणतील म्हणून दिला."

"मला इचारलं का पन?"

"विचारलं असतं तर फोडला असतास?"

"न्हाई," ती म्हणाली. "आठ दिस ह्योच इचार करतीय मी. फोडला तर घरी बोलनी, न्हाई फोडला तर हितं. संघ तुमी निवडता. तुमाला न्हाई कसं म्हनायचं?"

मला राग आला. आधी तिचा आला, हे कबूल करते. मग माझा स्वतःचा आला आणि तो जास्त वेळ टिकला. मी हात जोडले की मुली हात जोडतात, कारण शिट्टी माझ्या गळ्यात असते. त्याला मी इतकी वर्षं भक्ती म्हणत होते. ज्याच्या हातात पोरांची निवड आहे, त्यानं मैदानावर आपला देव मांडू नये, हे मला त्या मध्यंतरात कळलं. उशिरा कळलं, पण पक्कं कळलं.

सगळ्या मुलींसमोर मी म्हणाले, "चूक माझी झाली. कॅप्टन हीच आहे." तो सामना आम्ही हरलो.

दुपारच्या सामन्यासाठी दुसरा नारळ पिशवीत तयार होता. शाळा समितीचे अध्यक्ष खुर्चीतून उठून आले. "मॅडम, नारळ राह्यला की. सकाळी हरलोय, आता तरी देवाला इसरू नका."

"विसरले नाही," मी म्हणाले. "घरी नेते. माझ्या देवापुढं मीच फोडीन."

त्यांना ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही आणि दर स्पर्धेला ते मला ऐकवतात. मीही दर वेळी तेच उत्तर देते.

सकाळचं हळदकुंकू मी पुसून टाकलं आणि सामन्याआधी खांब पहिल्यांदाच कोरा राहिला. उदबत्ती नव्हती की हळदकुंकू नव्हतं, त्यामुळे मला दोन मिनिटं काहीच काम नव्हतं, म्हणून मी मुलींकडे बघत राहिले. एकीनं वाकून मैदानाची माती कपाळाला लावली. एक नुसतीच बुटाची नाडी बांधत होती. टॉसला जाण्याआधी कॅप्टन खाली मान घालून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. तीन वर्षं ती मागच्या ओळीत हेच करत असणार. मी पुढं तोंड करून नारळाकडे बघत होते.

आम्ही जिंकलो. पण हरलो असतो तरी मी नारळ परत काढला नसता.