फुएनसांता काडी चोरायला निघाली

सकाळीच फुएनसांताचा फोन. "आरासेली, आवर लवकर. आज शहर बघायला जायचंय."

माझं डोकंच फिरलं. उभा जन्म कोर्दोबात गेला, आता काय बघायचं राहिलंय? बसथांब्यावर गेले तर बाईसाहेब उभ्या. डोक्यावर गवती हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि पर्समधून कात्रीची मूठ डोकावतेय. म्हटलं, हिच्या मनात काहीतरी शिजतंय.

फुएनसांता म्हणजे आमच्या जुन्या गल्लीतली सगळ्यात तिखट बाई. लोकांचे कपडे इस्त्री करण्यात हात झिजले, पण जीव अडकलेला अंगणातल्या भिंतीत. भिंतभर निळ्या कुंड्या आणि त्यांत तिच्या आईचं जिरेनियम, गडद वाइनच्या रंगाचं, पाकळीला पांढरी कड. लांब काठीच्या टोकाला डबा बांधून ती वरच्या कुंड्यांना पाणी घालायची आणि खाली जो उभा असेल त्याला हमखास भिजवायची. वर त्यालाच झापायची.

आमच्याकडे लावायला झाडाची काडी कुणी मागत नाही. मागून आणलेली मूळ धरत नाही, चोरून आणलेली धरते. एखादी शेजारीण कुंड्यांपाशी उगाच रेंगाळायला लागली की घरच्या बाईनं पाठ फिरवायची आणि काही दिसलं नाही असं दाखवायचं. फुएनसांतानं अर्ध्या गल्लीकडे अशी पाठ फिरवलेली आहे.

मग घर विकलं गेलं. नव्या मालकाला भाडेकरू नको होते, चार दिवसांचे पाहुणे हवे होते. फुएनसांताला माझ्यासारखंच नदीपलीकडे जावं लागलं, तेही पाचव्या मजल्यावर. मेल्याला एक पानसुद्धा ठेवणार नाही म्हणत तिनं रागाच्या भरात सगळ्या कुंड्या उचलून नेल्या. तिकडच्या गच्चीत पहिल्याच ऑगस्टमध्ये सगळं होरपळलं. आईचं झाड गेलं, हे तिनं माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही.

"जुन्या घराच्या भिंतीच्या भेगेत एखादी काडी रुजली असेल," बसमध्ये ती म्हणाली. "तेवढी घेऊन यायची."

"आंगुस्तियासकडे भिंतभर आहे की. तुझ्याकडूनच नेलेलं."

"तिचं नाव काढू नकोस. माझ्याच झाडावर बक्षीस मारलं त्या बाईनं."

आंगुस्तियास त्याच गल्लीतली; मे महिन्यातल्या अंगणांच्या स्पर्धेत हे घडलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद आहे.

मग आम्ही शहर बघितलं. बघितलं म्हणजे धक्के खाल्ले. जुन्या मशिदीला वळसा घालून पर्यटकांची रांग, पुलावर जो तो स्वतःचाच फोटो काढतोय, गल्लीत बॅगांच्या चाकांची नुसती खडखड. आमच्या नेहमीच्या बारमध्ये नव्या पोरानं पुढ्यात चित्रांचं मेनूकार्ड ठेवलं. "टोमॅटोचं गार सूप कसं दिसतं ते मला चित्रात दाखवतोय," फुएनसांता म्हणाली आणि सूप न खाताच उठली. मीही उठले. माझ्या पोटात कावळे ओरडत होते, पण संतापच जास्त झाला होता.

तिच्या जुन्या घराचं दार पूर्वी दिवसभर उघडं असायचं. आता त्याला आकड्यांचं कुलूप. एक पाहुणं जोडपं आत शिरलं, त्यांच्यामागून आम्हीही घुसलो.

भिंत फुलांनी भरलेली होती. निळ्याच कुंड्या. फुएनसांतानं चष्मा काढला, कात्री काढली, एक फूल हातात धरलं आणि तशीच उभी राहिली. मी जवळ जाऊन बघितलं. प्लास्टिक. सगळी भिंत प्लास्टिकची आणि त्यावर बोटभर धूळ. भेगासुद्धा लिंपून चुना फासलेला.

तेवढ्यात त्या पाहुण्यानं कोपऱ्यात शोभेला टांगलेली डब्याची काठी उतरवून तिच्या हातात दिली आणि हसत फोनचा कॅमेरा रोखला. काठी तिचीच होती. डबा तिनं स्वतः बांधलेला.

"मी काय शोभेची बाहुली आहे?" ती म्हणाली. त्याला कळलं नाही, तो आणखीच हसला. तिनं काठी भिंतीला टेकवली आणि बाहेर पडली. मला वाटलं, त्या भिंतीवरचं एकेक फूल ओरबाडून गटारात टाकावं.

तिला दंडाला धरून मी सरळ आंगुस्तियासच्या दारात नेलं. वाटभर ती मला शिव्या घालत होती. दार उघडं होतं. आंगुस्तियास अंगणात खुर्ची टाकून शेंगा सोलत बसली होती आणि तिच्या डोक्यावर तीच भिंत, वाइनच्या रंगाची, पांढऱ्या कडेची.

"काय गं, हॅट घालून?" आंगुस्तियासनं वर न बघता विचारलं.

"शहर बघायला निघालोय," फुएनसांता म्हणाली.

"बघा की. तुझ्या गच्चीत काय फुललंय सध्या?"

आता ही थाप मारणार, असं मला वाटलं.

"काही नाही," फुएनसांता म्हणाली. "सगळं जळलं."

आंगुस्तियासचे हात थांबले. तिची नजर पर्सकडे, कात्रीच्या मुठीकडे गेली. मग ती उठली, खुर्ची उचलून पार अंधाऱ्या स्वयंपाकघराच्या तोंडाशी नेली आणि आमच्याकडे पाठ करून बसली.

"इकडे उजेड बरा आहे," ती म्हणाली.

फुएनसांता हलेचना. मी तिला कोपरानं ढोसलं. मग कात्री वाजली, एकदाच. काडी ओल्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये गेली. आम्ही उंबरठा ओलांडला तेव्हा मागून आवाज आला, गल्लीभर ऐकू जाईल असा.

"चोरटी मेली."

फुएनसांता पर्स पोटाशी धरून कोपऱ्यापर्यंत चालत गेली, तिथं थांबली आणि डोक्यावरची हॅट काढून हॅटनंच डोळे पुसले.

"ऐकलंस? भर गल्लीत मला चोर म्हणाली," ती म्हणाली. "आता धरेल."