मिस्त्रींचं जेवण

उभ्या केलेल्या ट्रसखाली बसून स्वतः जेवल्याशिवाय आमचे मिस्त्री स्टेज कुणाच्या ताब्यात देत नसत. लाइट टांगलेला तो नळ्यांचा सांगाडा एकदा वर गेला, की ते बरोबर त्याच्या मधोमध मांडी घालत आणि भाकरीचं फडकं सोडत. आयोजक घाई करायचे. मिस्त्री सावकाश चावत म्हणायचे, "ज्याच्याखाली मला घास गिळंना, त्याच्याखाली दुसऱ्याची लेकरं कशी नाचवायची?" मीही शेजारी बसायचो. बारा वर्षं आम्ही एकाच फडक्यातलं खाल्लं.

परभणीत माझा स्टेज-लाइटचा धंदा आहे. त्यातलं मला जे कळतं ते त्यांनी शिकवलेलं. पहिला ट्रस घ्यायला गेलो तेव्हा मी चकाकी बघत होतो, ते तुकड्यांच्या टोकांवरून बोट फिरवत होते. "सोयरीक दागिने बघून करतेत का मालक? जोड बघा, जोड." मग पान्यानं एकेक नळी वाजवून बघायची. आवाज बद्द आला की तुकडा बाजूला. दुकानदार चिडला. "चाचा, ट्रस घ्यायलात का घंटा?"

"घंटा पडली तर देवळात आवाज व्हतो. हे पडलं तर दवाखान्यात," मिस्त्री म्हणाले आणि पुढची नळी वाजवली.

सोनपेठला एका स्नेहसंमेलनासाठी चाळीस फुटांचं स्टेज होतं. आमचा ट्रस तीस फुटांचा. वाढवायचा तर त्याच बनावटीचे तुकडे हवेत आणि मधे एक पाय हवा, हा मिस्त्रींचा नियम. आयोजकांनी बजावलं, मधे खांब नको, त्यानं मागचा पडदा झाकला जातो. नाही म्हणालो तर तालुक्यातली कामं दुसऱ्याकडे जातील, याची मला भीती. मी भलत्याच बनावटीचे दोन तुकडे आणले. तुकडे जोडायच्या पिना बसेनात, तेव्हा त्यांची भोकं मोठी करून घेतली.

मिस्त्रींनी पिन हलवून बघितली. "मालक, भोक मोठं केलं की पिन बसती. वजन बसत न्हाई."

"एवढ्या बारीला उभं करा. माझा शब्द ऱ्हाऊ द्या."

त्यांनी ती पिन पुन्हा एकदा हलवली. मग उभं केलं. माझ्या शब्दासाठी. "पर म्या जेवल्याबिगर कुणाला वर चढू देऊ नका," एवढंच म्हणाले.

दुपारी ते फडकं घेऊन मैदानाच्या कडेला, लिंबाखाली जाऊन बसले. मी हाक मारली, "मिस्त्री, इकडं या की."

"हितंच बरं वाटायलंय."

त्याचा अर्थ मला कळला नाही, असं मी आजवर सांगत आलो. कळला होता. तरी आयोजक डोक्यावर बसले म्हणून मी नाच बसवणाऱ्या बाईंना तालमीसाठी वर सोडलं. मधला जोड कुरकुरला. हातातला घास टाकून मिस्त्री लिंबाखालून पळत आले, बाईंना ढकलून दिलं, आणि ट्रस त्यांच्या उजव्या खांद्यावर आला. बाईंना खरचटलं. मिस्त्रींचा तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही.

चौकशीत मला विचारलं. मी म्हणालो, "पिना लावायचं काम मिस्त्रींचं." वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. भोकांबद्दल कुणी विचारलं नाही, मी बोललो नाही. पुढं जिल्ह्यातले मंडपवाले म्हणायला लागले, म्हातारा पिना विसरतो. हात गेला होता, पण नजर आणि कान शाबूत होते. नुसतं बघायलासुद्धा त्यांना कुणी बोलावलं नाही. मीही नाही.

मागच्या उन्हाळ्यात पिंगळीला त्यांच्या घरी गेलो, सगळं सांगायचं ठरवून. त्यांच्या बायकोनं ओसरीवर दोन ताटं मांडली.

"मिस्त्री, त्या दिवशी मी तुमचं नाव..."

"ठावं हाय. दवाखान्यातच कळलं. जेवा मालक."

त्यांनी डाव्या हातानं स्वतःचं ताट उचललं आणि अंगण ओलांडून शेवग्याखाली जाऊन बसले.

"आवं, पाव्हणे एकलेच जेवायलेत की," बायको म्हणाली.

मिस्त्रींनी भाकरी मोडली. माझ्याकडे बघितलं नाही.

"हितंच बरं वाटायलंय."