दोन्ही हातांचा रामराम

कुंडलमध्ये आजही माझं नाव निघालं, की लोक आधी आढ्याकडे बघतात आणि मग हसतात.

कुंडल ही माझी सासुरवाडी. आपल्यामागे सासुरवाडीत आपलं नाव निघावं, हे कुठल्याही जावयाला आवडेल. पण आढ्याचा संबंध कसा आला ते एकदा सांगून टाकलेलं बरं. कारण तिकडे साताऱ्याला माझे साडू रामभाऊ हीच हकीकत सांगतात आणि त्यात सगळी चूक माझी निघते.

रामभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. साताऱ्याजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर. अंगानं इतके सडपातळ, की वाऱ्याच्या दिवसांत खिशात दगड घालून शाळेत जातात असं त्यांच्या शाळेतली पोरं म्हणायची. मी सांगलीच्या हळदपेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होतो आणि तब्येतीनं जरा भरलेला होतो. (‘जरा’ हा शब्द माझा. मी थप्पीला टेकून बसलो, की पेठेतले हमाल यातलं पोतं कुठलं म्हणून एकमेकांना विचारायचे.)

लढाई नुकतीच संपली होती आणि गावोगावची पोरं एकेक करून घरी परतत होती. त्या दिवाळीत रामभाऊंचा दिवाळसण होता, म्हणून आम्हा दोघांना जोडीनं बोलावणं आलं. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामांचा आवाज असा, की त्यांनी उसाच्या फडातून हाक मारली तर ओढ्यापलीकडचे दुसऱ्यांचे बैलसुद्धा थांबायचे. पण जावई समोर आला की तोच आवाज पातळ व्हायचा. जावयाला ‘नको’ म्हणायचं नाही, जावयावर ओरडायचं नाही आणि जावयानं विहीर मागितली तर दोर बांधून द्यायची, असा त्या घरचा रिवाज. माझ्या मते पुढचं सगळं त्या रिवाजामुळे झालं.

पाडव्याला बाजाराच्या मैदानात तंबूतला सिनेमा आला होता. इंजिन धडधडत होतं, मधोमध कनात बांधून एकीकडे बाया आणि दुसरीकडे बाप्ये बसले होते. आम्ही जावई म्हणून आम्हाला तेवढं पोत्याऐवजी घोंगडं मिळालं, तेही सगळ्यांच्या पुढे. सिनेमा विलायती. त्यात एक जाडा आणि एक बारका. दोघं एका दुकानावर पाटी लावायला जातात आणि शेवटी दुकान जातं, पाटी राहते, एवढीच गोष्ट. इंग्रजीचं एक अक्षर कुणाला कळत नव्हतं आणि कुणाचं काही अडतही नव्हतं. जाड्या रुबाबात हुकूम सोडायचा, बारका मान हलवून नेमकं उलटं करायचा, आणि शिडी, बादली, काच असं जे जे जवळ असेल ते ते जाड्याच्या डोक्यात येऊन पडायचं. मग जाड्या शांतपणे टोपी सरळ करायचा आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढचा हुकूम द्यायचा.

मी इतका हसलो, की पोट दुखायला लागलं. हसून हसून डोळे पुसताना माझ्या लक्षात आलं, की मागची माणसं पडद्याकडे कमी आणि आमच्याकडे जास्त बघतायत. सासऱ्याच्या गावात जावयाला मान असतो तो असा, असं मला वाटलं. मामा मात्र फेट्याचा शेमला तोंडावर धरून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी म्हटलं, “मामा, सर्दी झाली वाटतं?”

“व्हय, व्हय,” मामा शेमल्याआडून म्हणाले. “लय झालीया.”

घरी जाताना बैलगाडीत मी विषय काढला. “पण काही म्हणा, असली येडी माणसं खरोखर जगात असतात का?”

“चूक त्या जाड्याची आहे,” रामभाऊ म्हणाले. “स्वतःला काही येत नाही आणि दुसऱ्याला शिकवतो.”

“काहीतरीच काय! बारक्यानं सांगितलेलं नीट ऐकलं असतं, तर काही झालं नसतं.”

यावर आमची चांगलीच जुंपली. आमच्या बायका, मामी आणि धाकटी मेहुणी सुमी मागे बसल्या होत्या. त्यांच्यातलं कुणी बोललं नाही, पण गाडी सारखी गदगदत होती. मला वाटलं रस्ता खराब आहे.

आता या सुमीबद्दल सांगायला हवं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिला बघायला विट्याकडचे पाहुणे येणार होते. मुलाचे वडील पलटणीतले निवृत्त सुभेदार. मुलगाही पलटणीतला, नुकताच लढाईवरून परत आलेला. सुमीनं त्याला विट्याला आत्याच्या घरी एकदा पाहिलं होतं आणि तेव्हापासून तिच्या भाकरी करपायला लागल्या होत्या. पण सुभेदार लय कडक, पाण्याचा तांब्या वाकडा ठेवला तरी उठून जातात, अशी त्यांची ख्याती होती. दोन घरांतून ते तसे उठूनही गेले होते म्हणे.

त्या सकाळी सुमी मला परसात गाठून म्हणाली, “दाजी, तुमी शहरातलं, शिकल्यालं. एवढं नीट पार पाडा. माजं दुसरीकडं मन लागायचं न्हाई बगा.”

तिचे डोळे भरले होते. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, “सुमे, मी आहे ना, तू काळजी करू नकोस.” (हे वाक्य आठवलं की मला अजून घाम फुटतो.)

सोप्यात म्हणजे बाहेरच्या मोठ्या खोलीत मामांचा सागवानी झोपाळा होता. पितळी कड्यांचा, तीन माणसं मांडी घालून बसतील एवढा. चुना लावायचा म्हणून तो खाली उतरवून भिंतीला टेकवून ठेवला होता. गडी सगळे गुऱ्हाळावर अडकलेले. मामी म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या, पाव्हण्यांस्नी जाजम टाकू.”

आता पलटणीतला सुभेदार जाजमावर बसवायचा? मी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. “मामी, आम्ही दोघं आहोत की. चार कड्या चार आकड्यांत अडकवायच्या. त्यात काय मोठं?”

मामांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि आढ्याकडे एकदा बघितलं. “पाव्हणं... कशाला तरास करून घेताय...”

“त्रास कसला, मामा?”

मामांना रिवाज आडवा आला.

शिडी गुऱ्हाळावर गेलेली होती. मग मी उपाय काढला. मी दणकट, रामभाऊ हलके. त्यांनी माझ्या खांद्यावर उभं राहायचं, मी झोपाळ्याची फळी हातात धरून त्यांना आकड्याखाली न्यायचं. रामभाऊ वर चढले. चढले तसा त्यांच्या धोतराचा सोगा सुटून माझ्या तोंडावर आला आणि मला जग दिसेनासं झालं.

“डावीकडे,” वरून रामभाऊ म्हणाले.

“तुमच्या डावीकडे की माझ्या?”

“दोघांची डावी एकच आहे हो!”

मी एक पाऊल टाकलं ते थेट चुन्याच्या बादलीत. पाय आत गेला, बाहेर येईना. तशाच बादलीसकट मी ठणठण करत चाललो. रामभाऊंनी एक कडी कशीबशी आकड्यात घातली आणि “झालं!” म्हणून टाळी वाजवली. टाळीच्या धक्क्यानं मी हललो, माझ्या हातातलं फळीचं टोक सुटलं, आणि एका कडीवर टांगलेला झोपाळा गर्रकन फिरून भिंतीतल्या मांडणीला बसला. मांडणीवर दिवाळीचा फराळ होता. आधी चकल्या आल्या. मग लाडू आले. लाडवांचा डबा उपडा झाला आणि सोपाभर लाडू घरंगळले.

“ऱ्हाऊ द्या, पाव्हणं,” मामा म्हणाले. आवाज अजून पातळच होता, पण मानेवरची शीर फुगली होती.

“होत आलंय, मामा!” मी सोग्याआडून ओरडलो आणि एका लाडवावर पाय दिला.

मी घसरलो तो बादलीवरून घसरगुंडी करत खांबापर्यंत गेलो. रामभाऊंनी प्रसंगावधान राखून वरची तुळई धरली. आता ते आढ्याला लोंबकळत होते. मी धावत परत येऊन त्यांचे पाय दोन्ही हातांनी धरले आणि धीर दिला, “सोडू नका!”

“मी कुठं सोडतोय! तुम्ही सोडू नका!”

“मी धरलंय. घट्ट धरा.”

“आवं, ऱ्हाऊ द्या की!” मामींच्या तोंडून पहिल्यांदाच जरा मोठ्यानं निघालं. नेमकं तेव्हाच बाहेर गाडीच्या घुंगरांचा आवाज झाला. पाहुणे ठरल्या वेळेच्या आधी आले होते. पलटणीतला माणूस उशिरा कसा येईल!

दारात सुभेदार उभे राहिले. कडक इस्त्री, पीळदार मिशा, हातात वेताची छडी. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा, उंच, गप्प, कुठंतरी लांब बघणारा. एक उरलेला लाडू सावकाश घरंगळत गेला आणि सुभेदारांच्या बुटाला टेकून थांबला. सुभेदारांनी लाडवाकडे बघितलं, माझ्या पायातल्या बादलीकडे बघितलं, मग मान वर करून रामभाऊंकडे बघितलं. मग शिस्तीत छडी काखेत मारली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, “रामराम, पाव्हणं.”

आता तुम्हीच सांगा. मुलीकडचे आपण. समोर होणारा व्याही, वडीलधारा माणूस, दोन्ही हात जोडून रामराम घालतोय. त्याला जाग्यावरून नुसती मान हलवायची? आमच्याकडे असला उद्धटपणा चालत नाही. रामभाऊ तर मास्तर, पोरांना रोज हेच शिकवणारे. त्यांनी तुळई सोडली, दोन्ही हात जोडले आणि वरूनच म्हणाले, “रामराम!”

त्यांना मी खालून झेललं असतं. पण तोवर मीही त्यांचे पाय सोडून हात जोडले होते.

रामभाऊ माझ्या डोक्यावर आले. मी झोपाळ्यावर गेलो. झोपाळा फिरून माझ्या पायातल्या बादलीला लागला, बादली निसटून उडाली आणि होता नव्हता तो चुना मामांच्या अंगावर गेला. फेट्यापासून पायताणापर्यंत मामा पांढरे झाले. तरीही आम्ही दोघं एकमेकांवर पडल्या पडल्या हात जोडूनच होतो. मी टोपी सरळ केली आणि म्हणालो, “या, बसा. घर आपलंच आहे.”

मामांचा रिवाज तिथं संपला. “आरं मुडद्यांनो!” असा आवाज निघाला, की ओढ्यापलीकडं बैल नक्की थांबले असतील. “जावई हायसा का कोन हायसा रं!”

आणि तेवढ्यात आतल्या दारातून हसू ऐकू आलं. सुमी पोह्यांचं ताट घेऊन उभी होती. पदर डोक्यावर, नजर खाली, सगळं शिकवल्यासारखं. पण ताट थरथरत होतं आणि ती खळखळून हसत होती. मामींनी कपाळाला हात लावला. बघायच्या कार्यक्रमात मुलगी मोठ्यानं हसली म्हणजे संपलंच. मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. सकाळी छातीवर ठेवलेला हात मला आठवला. पोरीचं मी वाटोळं केलं, दुसरं काही सुचेना.

सुभेदार आमच्याकडे बघतच नव्हते. ते मागे वळून मुलाकडे बघत होते. तो उंच, गप्प मुलगा उंबऱ्यावर खाली बसला होता, भिंतीला डोकं टेकून हसत होता. मधेच थांबायचा, माझ्या पांढऱ्या पायाकडे बघायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. त्यानं वर बघितलं तर समोर सुमी, तीही हसतेय. मग दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागले.

सुभेदारांच्या मिशा हलल्या. ते मामांजवळ आले आणि चुन्याची पर्वा न करता त्यांचा हात धरला. “लढाईवरनं आल्यापास्नं पोरगं हसल्यालं न्हवतं, पाव्हणं,” ते हळू म्हणाले. “त्याच्या आईनं नवस बोलल्याला. सोयरीक पक्की समजा.”

मामा डोळे पुसायला गेले आणि डोळ्यात चुना गेला.

“पर एक अट हाय,” सुभेदार पुन्हा कडक झाले. “लग्नात मांडव घालाय ह्ये दोघं पायजेत.”

“ते सोडून काय बी मागा,” मामा म्हणाले.

लग्न झालं. मांडव गड्यांनी घातला आणि तो घालून होईपर्यंत आम्हाला एका खोलीत जेवायला बसवून ठेवलं होतं. झोपाळा तर त्या बघायच्या दिवशीच संध्याकाळी गुऱ्हाळावरून आलेल्या गड्यांनी विडी विझायच्या आत लावला. मी कुंडलला येतोय असा निरोप पाठवला, की मामा आधी घरातल्या शिड्या शेजारी नेऊन ठेवायला लागले.

पुढच्या हिवाळ्यात तो तंबू पुन्हा आला, तोच सिनेमा घेऊन. मी आणि रामभाऊ पुन्हा पुढच्या घोंगड्यावर बसलो. सुमीचा नवरा मुद्दाम मागे बसला. म्हणाला, “मला इथनं दोन्ही खेळ दिसत्यात, दाजी.”

मी मात्र अजून माझ्या मतावर ठाम आहे. चूक रामभाऊंचीच होती. माणूस आढ्याला लोंबकळत असेल, तर एका हातानं रामराम केला तरी चालतो. रामभाऊ म्हणतात, खाली उभ्या माणसानं आधी हात सोडायचे नसतात. खरं कुणाचं, म्हणून परवा मी बायकोला विचारलं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आढ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून आत गेली.