कोब्यावरचं पाणी

त्या दुष्काळात मला पाणी सांडायचा पगार मिळत होता. असं म्हटलं की माझे यजमान अजून चिडतात. "क्वालिटीचं काम होतं ते," म्हणतात. होतंच. पण ते काम म्हणजे दर तासाला मशीनवरून पाच कॅन उचलायचे, गळ्यापर्यंत पाण्यानं भरायचे, झाकण आवळायचं आणि छातीच्या उंचीवरून सिमेंटच्या कोब्यावर सोडून द्यायचे. कॅन टिकला तर पाणी परत हौदात, फुटला तर कोब्यावर. सुरुवातीला फार फुटायचे.

आमची सहकारी संस्था तेलगाव रस्त्याला माळावरच्या एका शेडमध्ये होती. सभासद बहुतेक गावातल्याच बायका. प्लास्टिकचा दाणा वितळवून खाद्यतेलाचे पाच लिटरचे कॅन काढायचे आणि ते एका तेल संघाला द्यायचे, एवढा एकच धंदा. शेतात त्या साली काहीच उगवलं नव्हतं. ज्या घरात कॅनचा पगार येत होता, त्या घराची चूल त्याच्यावरच होती. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तशी संघानं आमची एक गाडी परत पाठवली. कॅन तळाच्या कोपऱ्यात फुटत होते, दुकानदारांच्या फळ्या तेलानं माखल्या होत्या. आणखी एक गाडी परत आली तर कंत्राट बंद, असं संघानं आमच्या चेअरमनसाहेबांना तोंडावर सांगितलं. कंत्राट बंद म्हणजे शेडला कुलूप.

मी गावची सून, रसायनशास्त्राची पदवीधर, म्हणून संस्थेनं मला औरंगाबादला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं शिकले ते असं की एक कॅन वाईट निघाला म्हणून मशीनला शिव्या द्यायच्या नसतात आणि एक चांगला निघाला म्हणून पेढेही वाटायचे नसतात. थोडे थोडे नमुने सतत काढायचे, कोपऱ्याची जाडी मोजायची, आपटून बघायचे आणि तक्त्यावर मर्यादेच्या दोन रेघा आखून ठिपके मांडत जायचे. ठिपके त्या रेघांच्या मधे राहिले तर तो मशीनचा स्वभाव. एखादा रेघेबाहेर उडाला तर त्या तासात काहीतरी घडलंय, ते शोधायचं. मला हे फार आवडलं. रागवायच्या आधी मोजावं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शिकवलं होतं, आणि माझा स्वभाव पाहता त्याची गरजही होती.

कॅन आपटायचं काम एका मावशीकडं होतं. ती आमच्याच आळीतली, सासूबाईंच्या वयाची, टँकरच्या रांगेत त्यांच्या मागंपुढं उभी राहणारी. कोबा शेडच्या मागल्या बाजूला होता. त्याच्या पलीकडं तारेचं कुंपण आणि कुंपणाला लागून टँकरकडं जायची वाट. म्हणजे आमची पाणी सांडायची जागा आणि गावाची पाणी आणायची वाट समोरासमोर. कुणी मुद्दाम आखलं असतं तरी इतकं वाईट जमलं नसतं.

एक दिवस एक बाई रिकामी घागर कमरेवर घेऊन तारेपाशी थांबली. मावशीनं कॅन सोडला, तो फुटला, पाणी कोब्यावरून मातीत गेलं.

"कावून फोडायलात गं पानी?" तिनं विचारलं.

"तपासनी हाय ती," मावशी म्हणाली.

"मंग आमच्या घागरी बी तपासा की. सगळ्या रिकाम्याच हायेत."

ती चिडून बोलली असती तर मी चार शब्द सुनावले असते, त्यात मी मागं राहत नाही. ती नुसतं बोलली आणि चालायला लागली. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. घरी सासूबाई भांडी विसळलेलं पाणी शेळीसाठी राखून ठेवत होत्या, आणि मी इथं तासातासाला तक्ता धरून उभी.

त्या दिवसापासून मी कोब्यावर जायचं सोडलं. जाडी मोजायला टेबल लागतं, उजेड लागतो, अशी कारणं मला कुणी विचारली नव्हती तरी मी देत राहिले. पाचांतले किती फुटले ते मावशी दारात येऊन सांगायची आणि मी आत बसून ठिपका मांडायचे. पाठ फिरवली की लाज कमी होते, असं मला तेव्हा वाटायचं.

थोड्याच दिवसांत फुटणं कमी झालं. मशीनवाल्याला मी तळाशी माल थोडा वाढवायला सांगितलं होतं, त्याचाच हा गुण असं मी धरून चालले. पुढं पुढं तर दिवसच्या दिवस एकही कॅन फुटेना. जाडीचे ठिपके मात्र पहिल्यासारखेच वरखाली उड्या मारत होते. ते मला दिसत होतं. पण फुटतच नाहीत म्हटल्यावर जाडीचं काय एवढं, असं म्हणून मी तो तक्ता दुसऱ्याच्या खाली सरकवला. मोजायला शिकून आलेली बाई, आणि हवं तेवढंच बघत होते.

चेअरमनसाहेबांना आनंद मावेना. पुढची गाडी भरायच्या आधी त्यांनी शेडमध्ये माझा सत्कार ठेवला. सरपंच आले, तेल संघाचे साहेब आले, गावही आलं. शाल, श्रीफळ, हार. "आमच्या सूनबाईनं आकडेशास्त्र लावून कॅन लोखंडाचे केले," असं ते भाषणात म्हणाले, आणि टाळ्या पडल्यावर त्यांना आणखी चढलं. "चला, दाखवूनच देऊ पाव्हण्यांना."

सगळी मंडळी मागं कोब्यावर आली. मावशीनं कॅन भरून आणला, खाली ठेवला, आणि भिंतीकडं जाऊन गोणपाटाची चांगली जाड घडी घेऊन आली. ती कोब्यावर पसरली. वर प्लास्टिकचा कागद टाकला, त्याच्या कडा हातानं उभ्या केल्या. पाहुण्याला पाट मांडावा इतक्या सहज तिनं ते केलं. मी ते पहिल्यांदा बघत होते.

"हे काय?" संघाच्या साहेबांनी विचारलं.

"रोजच टाकतो सायेब," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. "पानी वाया जात न्हाई अन् कॅन बी फुटत न्हाई."

साहेबांनी गोणपाट काढायला लावलं. कॅन उघड्या कोब्यावर पडला, तळाच्या कोपऱ्यात उलला आणि पाणी थेट त्यांच्या बुटापर्यंत गेलं. माझ्या अंगावर शाल होती. कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

चेअरमनसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची असती सूनबाई. बाईची चूक झाली म्हणून सांगतो मी त्यायला."

तेवढं मात्र मी होऊ दिलं नाही. संघाच्या साहेबांकडं जाऊन सांगितलं, की कोबा उघडा का लागतो हे मी मावशीला कधी सांगितलंच नव्हतं, आणि तपासणी चालू असताना मी तिथं उभी राहत नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं. पुढची गाडी उघड्या कोब्यावर तपासूनच पाठवा, म्हणाले, आणि ती परत आली तर आमचा तुमचा संबंध संपला.

आता नव्यानं तपासायचं तर पाणी हवं. पण गावानं ते पाणी डोळ्यांदेखत वाया जाताना बघितलं होतं. चेअरमनसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी हौदाला बंदी घातली. "मशीन गार ठिवायला पानी हाय. फोडायला टिपूस न्हाई. गाव मला जगू देणार न्हाई." त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नव्हतं.

मी बायकांना गोळा केलं आणि जे महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं ते सांगितलं. दुकानात फळीवरून कॅन पडतो तेव्हा खाली गोणपाट नसतं. आपण फरशी मऊ केली की कॅन चांगला होत नाही, नुसता चांगला दिसतो, आणि मग तो तिकडं जाऊन फुटतो.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. "मंग आदी कावून न्हाई सांगितलं, ताई?"

खरं उत्तर असं होतं की ते सांगायला मला तिच्याशेजारी कोब्यावर उभं राहावं लागलं असतं, कुंपणाकडं तोंड करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका कामावर आल्या त्या पाणी घेऊन. कुणाच्या हातात चरवी, कुणाच्या कळशी, एकीनं नुसती बाटली आणली होती. कोब्याशेजारच्या पिंपात एकेकीनं ओतलं. मावशीच्या हातात दोन कळशा होत्या, त्यातली एक आमच्या घरची होती. सासूबाईंनी ती परस्पर तिच्याजवळ दिली होती, मला विचारलंसुद्धा नव्हतं.

त्याच पाण्यावर पुढं आम्हाला कळलं की लाईट जाऊन परत आली की मशीन नीट तापायच्या आत जे कॅन निघतात, तेच तळाला पातळ असतात. ते बाजूला काढायला लागलो आणि गाडी परत आली नाही. पण त्या सकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं.

पहिला कॅन मी स्वतः भरला, उचलला आणि सोडला. तो फुटला. पाणी कोब्यावरून कुंपणाकडं जायला लागलं. त्यातलं कुणाच्या घरचं किती, हे ओळखायची सोय नव्हती. एकीनंही पुढं होऊन फडकं टाकलं नाही, कुणी वाकलं नाही. मी सांगितलं होतं तसा कोबा उघडा ठेवून त्या बघत उभ्या राहिल्या. मला मान वर करून त्यांच्याकडं बघवेना. इतकी लाज मला सत्काराच्या दिवशीही वाटली नव्हती. तोवर मावशी दुसरा कॅन घेऊन पिंपाशी गेली होती.

"ह्यो भरू का, ताई?" तिनं विचारलं.