मधुताईचा स्नोडन आणि माझा वेगळा पॅन

मधुताईला स्नोडनचा डोंगर चढायचा होता आणि मला टोमॅटो परतायला बेकन न लागलेला पॅन हवा होता. या दोन इच्छा एका घरात बसवायच्या म्हणून एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यात आम्ही वेल्समधलं बेड अँड ब्रेकफास्ट शोधायला बसलो.

मधुताई, म्हणजे माझी मैत्रीण मधुमती सबनीस, मिरजेला नर्सिंग शिकली आणि बासष्ट साली इंग्लंडात लेस्टरला आली. लग्न केलं नाही. का नाही, हे तिथल्या आमच्या मराठी मंडळात दर गणपतीला कुणीतरी नव्याने विचारायचं आणि ती दर वर्षी नवीन उत्तर द्यायची. एकदा तिने शांतपणे 'राहून गेलं' म्हणून सांगितलं आणि मोदक वाढायला पुढे गेली. नोकरीतली तिची शेवटची बारा वर्षं हाडांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून गेली. इतरांचे गुडघे सांभाळता सांभाळता तिचा स्वतःचा उजवा गुडघा कामातून गेला. जूनअखेर तो काढून नवीन बसवायचा ठरला होता. नवीन गुडघा जपायला लागेल, डोंगरबिंगर विसरा, असं सर्जनने तिला बजावलं होतं.

तिच्या कपाटाच्या दाराला आतून स्नोडनचं चित्र चिकटवलेलं होतं. सत्तर साली एका वेल्श पेशंटने दिलेल्या कॅलेंडरातला जून महिना. एकवीस वर्षं ती रोज सकाळी युनिफॉर्म काढताना तो डोंगर बघत होती. माझ्या देव्हाऱ्यावरून ती माझी यथेच्छ टिंगल करायची. मी एकदा म्हटलं, तुझ्या कपाटात तरी काय आहे? त्यावर ती म्हणाली, "माझ्या देवाला नैवेद्य लागत नाही. नुसते पाय लागतात."

ते पाय आता महिनाभराचे सोबती होते. स्नोडनवर थेट शिखरापर्यंत छोटी रेल्वे जाते. श्रीनिवासांनी, म्हणजे माझ्या डॉक्टर नवऱ्याने, सरळ त्या रेल्वेनेच जा असं सुचवलं. मधुताई म्हणाली, "रेल्वेने सामान जातं." विषय संपला.

तिने हिशेब मांडला तो असा. आपण रविवारी पोचायचं, सोमवारी चढायचं. मंगळवारी सकाळी तिला ऑपरेशनआधीच्या तपासणीला लेस्टरच्या हॉस्पिटलात हजर व्हायचं होतं. तेव्हा सोमवारी पावणेपाचची बँगरची बस गाठायलाच हवी, तरच पुढची ट्रेन मिळणार. हा गुडघा वर जायला पाच तास घेणार, खाली यायला चार, आणि तासभर वर बसायचं. म्हणजे सकाळी सहाला उंबरठा ओलांडायचा. मलाही ते पटलं, कारण सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ असतो. तुझं पंचांग मुंबईचं आहे, त्यातला राहुकाळ वेल्समध्ये पहाटे साडेचारलाच आटोपतो, असं मधुताईने सांगितलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

फोन मी करायचे ठरले. मधुताईचा फोनवरचा आवाज वॉर्डातला होता. पलीकडची बाई घाबरून खोली नाही म्हणायची. हॉटेल दोघींनाही नको होतं. मालकीण घरातच राहणारी हवी, म्हणजे काही झालं तर हाक मारायला माणूस असतो. टूरिस्ट ऑफिसने पाठवलेल्या पुस्तिकेत खुणा करून मी रोज संध्याकाळी सहानंतर, स्वस्त दरात, फोन लावायला बसायची. मुलीसाठी स्थळं बघतात तसंच झालं ते. एका घरी तीन कुत्री निघाली, त्यातलं एक किचनमध्ये झोपायचं. एका घराच्या बाथरूममध्ये कार्पेट होतं. ओल्या पायांनी कार्पेटवर उभं राहून सोवळं कसलं पाळणार? एका बाईंनी वेगळ्या पॅनचं ऐकून, तुम्हाला काही आजार आहे का, असं काळजीने विचारलं. हे नाकारलेलं प्रत्येक घर डोंगराच्या वाटेला लागून होतं. मधुताई यादीवर काट मारताना म्हणायची, "तुझ्या गणपतीला जरा समजाव गं. त्याला उंदीर चालतो आणि कुत्रं चालत नाही?"

शेवटी लानबेरिसच्या मिसेस प्रिचर्ड मिळाल्या. विधवा, दर रविवारी चॅपलला जाणाऱ्या, कुत्रं नाही, घरापासून डोंगराची वाट दहा मिनिटांवर. मी त्यांना नवरा कशाने गेला ते विचारलं, मुलं कुठे असतात ते विचारलं, दारू घरात असते का तेही आडून विचारलं. वेगळ्या पॅनला त्या हो म्हणाल्या. मी खुशीत फोन ठेवला. मधुताईने विचारलं, वेळेचं बोललीस ना? मी म्हटलं, सगळं बोलले.

ते खरं नव्हतं. ब्रेकफास्ट किती वाजता देता, हे मी विचारलंच नव्हतं. जीभच वळली नाही. कुणाच्या घरी उतरायचं आणि खायला कधी घालाल असं विचारायचं, हे माझ्या आईने मला शिकवलं नव्हतं. नवरा कशाने गेला हे मात्र विचारता येतं.

रविवारी संध्याकाळी पोचलो. मिसेस प्रिचर्ड ठेंगण्या, करड्या केसांच्या, चेहरा रविवारच्या प्रार्थनेइतका गंभीर. चहा दिला, खोली दाखवली, आणि खोलीच्या दारामागे लावलेल्या कागदाकडे बोट केलं. ब्रेकफास्ट साडेआठ. त्याआधी किचन आणि पुढचं दार बंद.

मधुताईने कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही. बुटाच्या नाड्या सोडत एवढंच म्हणाली, "त्या बाईच्या नवऱ्याचं हार्ट होतं की लिव्हर, ते मात्र तुला ठाऊक असेल."

साडेआठला खाऊन सव्वानऊला निघालं तर परतायला संध्याकाळचे सव्वासात. बस गेलेली, ट्रेन गेलेली, तपासणी गेलेली. म्हणजे मग डोंगरच नाही. मी चपला घातल्या आणि खाली गेले. जिन्याच्या पायऱ्या चौदा, त्या मी रामरक्षा पुटपुटत उतरले.

मिसेस प्रिचर्ड विणत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. गुडघा, मंगळवार, कपाटातलं चित्र, आणि फोनवर न विचारलेला प्रश्नही. त्यांनी सुया खाली ठेवल्या. चौसष्ट वर्षं या डोंगराखाली राहूनही त्या एकदाही वर गेलेल्या नव्हत्या. आम्ही लोकांना वर पाठवतो, जातंय कोण, असं म्हणाल्या. मग सरळच बोलल्या.

"सातच्या आधी मी उठत नाही. चॅपलसाठीसुद्धा नाही. पण पुढच्या दाराची किल्ली देते. आणि किचन तुम्ही वापरा."

त्यांनी कपाटातून पॅन काढून दिला. कोरा. बुडाला दुकानाचं लेबल अजून चिकटलेलं. माझ्या फोननंतर आणलेला. मी वाकून नमस्कार केला, त्या दचकून अर्धवट उठल्या.

सकाळी पाचला मी त्या किचनमध्ये उभी. फ्रिजमध्ये दुधाच्या बाटलीला टेकून बेकनचं पाकीट. मी डोळे मिटून दूध काढलं. पिशवीत भाजलेला रवा आणला होताच, मोहरीची डबीही. प्रवासाला निघताना ते असतंच. पॅन तापला, मोहरी तडतडली, हिरवी मिरची पडली, आणि छतावर काहीतरी किंचाळायला लागलं. धुराची घंटा. आमच्या लेस्टरच्या घरी ती श्रीनिवासांनी फोडणीपायी केव्हाच काढून ठेवली होती. मी विसरूनच गेले होते.

पाच वाजून वीस मिनिटांनी सगळं घर जिन्यावर. शेजारच्या खोलीत उतरलेलं क्रॉयडनचं एक जोडपं रेनकोट घालून, आणि मिसेस प्रिचर्ड डोक्याला जाळी बांधून. त्यांनी स्टुलावर चढून घंटेतली बॅटरी काढली, पॅनमध्ये डोकावल्या आणि म्हणाल्या, आता उठलेच आहे तर वाढा. उभ्यानेच दोन वाट्या उपमा खाल्ला. खोकल्या, डोळे पुसले, तिसरी वाटी मागितली. क्रॉयडनवाल्यांनी जाग आलीच आहे तर आमचाही ब्रेकफास्ट आत्ताच द्या म्हटलं. मग हात लावल्याशिवाय मला निघता येईना. बेकन मी उलटवलं नाही. ताटल्या मात्र पुसून दिल्या.

मधुताई उपमा संपवून, काठी घेऊन, सहाला पाच कमी असताना एकटीच बाहेर पडली. दारात म्हणाली, "तू येऊ नकोस. तुझा राहुकाळ मध्ये यायचा."

दिवसभर मी खिडकीशी. दुपारी डोंगराने डोक्यावर ढग ओढून घेतला. चारला मी दोन्ही पिशव्या घेऊन स्टॉपवर जाऊन बसले. मिसेस प्रिचर्डही सँडविचेस बांधून आल्या. मी गणपतीला अकरा मोदक कबूल केले. सव्वाचारला एकवीस केले. साडेचारला पंचवीस, आणि त्यात खवा घालायचं कबूल केलं. वाटेवरून लोक उतरत होते, तरणे, लाल गालांचे. मधुताई त्यात नव्हती.

पावणेपाचला चार मिनिटं असताना पाठीमागून, रेल्वे स्टेशनच्या बाजूने, काठीचा आवाज आला. केस विस्कटलेले, उजवा पाय ओढत, चेहरा बारशाला निघाल्यासारखा.

वर पोचायलाच तिला साडेआठ तास लागले होते. शेवटच्या चढावर बसून बसून चढली. ढगात काही दिसलं नाही, आणि वरचा चहा वॉर्डातल्या चहाहून भिकार. पण शिखरावरच्या खांबाला हात लावला. तिथे घड्याळ बघितलं आणि कळलं की पायांनी उतरलं तर बस हुकते. खाली येणाऱ्या गाडीत जागा नाही म्हणून गार्ड सांगत होता, तेव्हा तिने त्याच्याशी वॉर्डच्या आवाजात बोलून घेतलं. तो स्वतः उभा राहिला.

पिशवी माझ्या हातून घेत ती म्हणाली, "सामान आलं गं."

मिसेस प्रिचर्डनी बसच्या खिडकीतून सँडविचेस दिली आणि मागोमाग तो पॅनही. घरात परत मोहरी नको, असं म्हणाल्या. तरी हात हलवत बस वळेपर्यंत उभ्या होत्या.

मंगळवारी मी तिच्याबरोबर तपासणीला गेले. तरुण डॉक्टरने सुजलेला गुडघा दाबून बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. दोन दिवसांत काही श्रम केलेत का, असं त्याने विचारलं.

मधुताई म्हणाली, "छे हो. जरा रेल्वेने फिरून आले."

मी खुर्चीत बसल्या बसल्या मोदक एकतीस केले.