न दुखणारा फोड आणि बेलापूर ते वाशीची अर्धी वाट

इतकी वर्षं नवी मुंबईत राहून पामबीच रस्ता मी फक्त बसच्या खिडकीतून पाहिला होता. शुगर निघाल्यावर डॉक्टरांनी रोज चालायला लावलं. नावड्याच्या आमच्या कॉलनीला फेऱ्या मारून इतकी कंटाळले, की एका रविवारी ठरवलं, बेलापूर ते वाशी पायी जायचं. तिथल्या एपीएमसीच्या घाऊक बाजारात फळं घ्यायची आणि रिक्षाने घरी. माझे यजमान म्हणाले, "शुगरवाली बाई फळं आणायला चालत वाशीला. नाक्यावरचा फळवाला मेलाय का?" पण बूट घालून माझ्याआधी दारात उभे.

भीती नव्हती, उलट थोडी मिजासच होती. कॉलनीजवळच्या बागेत अनवाणी चालायची ॲक्युप्रेशरची पट्टी आहे, सिमेंटमध्ये गोटे बसवलेली. बाकीच्या बायका तिथे 'आई गं' करत चालतात. मी हल्ली सरळ चालत जायचे. "तुझे पाय गावाकडचे गं," असं त्या म्हणायच्या आणि मला ते फार आवडायचं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बाजूने येणार असाल तर पेंधरला मेट्रो धरा, थेट बेलापूर. दोघांचं तिकीट चहा-वड्याच्या खर्चात येतं. उजाडता निघा. पामबीचच्या मुख्य रस्त्याच्या कडेने चालू नका, गाड्या सुसाट असतात. सीवूड्सच्या आतल्या रस्त्यांनी या आणि नेरूळच्या तळ्याकाठचा ट्रॅक पकडा. खाडीच्या चिखलात फ्लेमिंगो दिसले. तासन् तास एका पायावर उभे. आणि नवे बूट घालून लांब जाऊ नका. मी घातले होते.

नेरूळला बाकावर बसून इडली खाल्ली. बुटात खडा गेल्यासारखा वाटला म्हणून बूट काढला, तर हे म्हणाले, "मोजा कशाने ओला झाला?"

उजव्या अंगठ्याखाली सुपारीएवढा फोड. एका कडेने फुटलेला, कातडी सोललेली. मी बघत राहिले. हा पाय माझा, आणि मला काहीच कळलं नव्हतं.

ह्यांच्या खांद्याला धरून समोरच्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरच्या बाईंनी गॉज आणि पट्टी काढता काढता विचारलं, "खूप दुखतंय का?"

"नाही."

"जराही नाही?" त्या थांबल्या. "शुगर आहे का तुम्हाला?"

मी मान डोलावली.

"मग वरची कातडी ओढू नका, स्वच्छ पाण्याने धुवा, हे कोरडं गॉज लावा. आणि आता एक पाऊल पण चालू नका. डॉक्टरांना दाखवा. दुखत असतं तर मी एवढं बोलले नसते."

माझ्या आईचं असंच झालं होतं, तिलाही शुगर होती. परभणीला अंगणात चुलीतून पडलेल्या निखाऱ्यावर तिचा पाय पडला आणि तिला वास आल्यावर कळलं. नंतर दोन बोटं काढावी लागली. रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात तेच, आणि ती गोट्यांची पट्टी. मला सवय झाली म्हणून दुखेनासं झालं, की पाय आधीच मुके झाले होते? वाशी राहिलीच. मी घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जखम साफ केली, पट्टी बांधली. मग नायलॉनचा एक बारीक धागा काढला. "डोळे मिटा. पायाला लागला की 'हो' म्हणा."

टाचेला लागला. हो. करंगळीपाशी लागला. हो. मग काहीच नाही. डॉक्टर थांबलेत, की लावतायत आणि मला कळत नाहीये? खोटंच 'हो' म्हणावं असं वाटलं. हातांनी खुर्ची घट्ट धरली.

डोळे उघडले तेव्हा ते लिहीत होते. "उजव्या अंगठ्याची जाणीव मंद आहे. बाकी चांगलं आहे. ती गोट्यांची पट्टी कायमची बंद."

"आणि चालणं? चालून चालून तर शुगर उतरली माझी."

"जखम भरेपर्यंत चालणं बंद. व्यायाम कोणी बंद केलाय?"

म्हणून सध्या रोज सकाळी मी खुर्चीत बसून पाण्याच्या बाटल्या वरखाली करते, गुडघे सरळ करते. शेजारणीला वाटतं मी कंटाळून सोडलं. फोड भरत आलाय. शुगर फार वर गेली नाही. वाशीचा बेत कायम आहे, या वेळी जुन्या बुटांत, मोजा बदलायला दर थोड्या वेळाने थांबत.

त्या सहलीतून घरी एवढंच आलं: रोज संध्याकाळी हे चष्मा लावून माझे तळवे बघतात, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मग मी डोळे मिटते आणि ते कापसाचा बोळा लावतात. धागा डॉक्टरांकडे, कापूस आमच्याकडे. काल टाच झाली, करंगळी झाली. मग ते उजव्या अंगठ्याकडे आले असणार, असा मी अंदाज केला.

"हो," मी म्हणाले.

"अगं," हे हळूच म्हणाले, "अजून लावलाच नाही."

मी डोळे उघडले नाहीत. त्यांनी पाय मांडीवर नीट घेतला आणि टाचेपासून पुन्हा सुरुवात केली.