सायरन आणि स्फोटाच्या मधली जागा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. आमचं बौद्ध घर, अंगात येणं वगैरे प्रकार आईने उंबऱ्याबाहेरच ठेवलेले. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला चीड येते आहे... तरी लिहिते.

मी घुग्घुसला, कोळशाच्या खाणीशेजारी राहते. लॅपटॉपवर संगीत रचते — गाणी नाहीत, आवाजांच्या रचना. खाणीचा सायरन, ट्रक, कोळसा वाहणारा पट्टा असे तुकडे मी द्यायचे, त्यांचा क्रम दर वेळी सॉफ्टवेअर नव्याने ठरवतं. लोक याला खडखडाट म्हणतात. म्हणोत बापडे!

ही रचना मात्र बाबांसाठी होती. त्यांनी जन्मभर डंपर चालवला, आता दोन्ही कान गेलेत. मी काय करते ते त्यांना एकदा तरी कळावं, म्हणून दिवाणाखाली कंपनाचे स्पीकर बसवले. फळीवर तळवे टेकले की आवाज हाडांतून पोचतो.

खाणीत सुरुंग उडवण्याआधी ब्लास्टिंगचा सायरन झाला की आमच्या गल्लीत घरोघरी कुणीतरी धावत जाऊन भांड्यांची मांडणी धरतं, नाहीतर हादऱ्याने सगळं खाली. आई आधी गल्लीभर हाका मारायची, मग आपली भांडी धरायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा आवाज कुठेच रेकॉर्ड नाही. म्हणून सायरन आणि स्फोट एवढे दोन मी एकामागे एक बांधून टाकले आणि त्यांच्या मध्ये थोडी जागा कोरी ठेवली. कोरी म्हणजे शून्य.

पहिल्यांदा वाजवलं आणि त्या जागेवर बाबा ताडकन उठून बसले.

"तुझी माय हाक मारून राह्यली!"

आठवण असेल, म्हटलं. सायरन काढला, जागा हलवली. तरी बाबा नेमके तिथेच बोट वर करायचे. तिथे साधं कंपनही नसतं हो!

मग एका दुपारी शेजारच्या शांताबाई भाजी घेऊन आल्या. रचना चालू होती. अचानक वाटी ठेवून त्या आत धावल्या आणि आमची मांडणी धरून उभ्या राहिल्या.

"तुझ्या मायचा आवाज भरला का व याच्यात?"

मी हेडफोन लावले, आवाज पार वाढवला, ग्राफ ताणून पाहिला. सपाट रेघ! दिवाणावर पडून तळवेही टेकले. काही नाही. रचना माझी, कान माझे तयार, आणि आई ऐकू येते ती बहिऱ्या बाबांना आणि शेजारणीला? संतापाने मी तो कोरा तुकडाच उडवला. बाबा दिवसभर जेवले नाहीत, म्हणून परत टाकला.

काल ते माझ्यावरच ओरडले. "कवापासून तुलेच बलावून राह्यली ना ते! ओ काऊन देत नाई तू?"

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर सांगा. आज दुपारी मी पुन्हा रचना लावली, आणि कोरी जागा आली तेव्हा मोठ्याने "ओ, आई" म्हटलं. बाबांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि शांतपणे पडून राहिले. मला काहीही ऐकू आलं नाही.